मेलेल्याची साक्ष

२०२०च्या एप्रिलात, टाळेबंदी लागून महिना होत आला असताना, एक व्हिडिओ जवळजवळ प्रत्येक घरातल्या व्हॉट्सॲपवर येऊन गेला. कुणीतरी गच्चीवरून उडी मारायला जातो आणि पाय घसरतो, कुणाची सायकल थेट खड्ड्यात जाते, आणि पुढचं काही दिसायच्या आत सूट आणि गॉगल घातलेली माणसं खांद्यावर शवपेटी घेऊन नाचत येतात. मागे धडधडणारं इलेक्ट्रॉनिक संगीत. आपण हसलो आणि पुढे पाठवून दिलं. बाहेर खरोखरच माणसं मरत होती, म्हणून जरा जास्तच हसलो.

ते खांदेकरी नट नव्हते. घानाच्या किनाऱ्यावर प्रामप्राम नावाचं गाव आहे, तिथल्या बेंजामिन आयडू यांची ती मंडळी. अंत्ययात्रेत पेटी घेऊन नाचणं हा त्यांचा व्यवसाय. गेलेल्याला हसतखेळत पोचवायचं की रडत, हे घरच्यांनी ठरवायचं आणि त्याप्रमाणे पैसे द्यायचे. बीबीसीने २०१७ साली त्यांच्यावर बातमी केली, तेव्हापासून ते जगाला ठाऊक झाले.

त्या व्हिडिओत पेटी हलते ती खांदेकऱ्यांच्या मर्जीने. पश्चिम आफ्रिकेच्या याच किनाऱ्यावर कैक पिढ्या याच्या नेमका उलट समज होता. खांद्यावरचं ओझं हलतं ते आत निजलेल्याच्या मर्जीने, खाली चालणारे म्हणजे फक्त त्याला उसने दिलेले पाय. विलेम बोसमन हा डच कंपनीचा अधिकारी गिनीच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं राहिला आणि १७०४ साली त्याने आपलं पुस्तक छापलं. त्यात हा प्रकार आहे. प्रेत खांद्यावर घेतात आणि त्यालाच विचारतात, तू का गेलास? अमक्या कारणाने का? उत्तर होकारार्थी असेल तर वाहणारे कुठल्याशा अनाकलनीय ओढीने पुढे झुकतात. बोसमनला अर्थातच हा भोंदूपणा वाटला. पण हसण्याआधी त्याने तो नीट लिहून ठेवला, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

अकान लोकांच्या भाषेत याला अफुनसोआ म्हणतात. शब्द अगदी साधा आहे, प्रेत वाहणं. अशांती मुलखात नोकरी करता करता मानववंशशास्त्रज्ञ झालेला रॅट्रे हा ब्रिटिश अधिकारी १९२७च्या आपल्या ग्रंथात त्याविषयी लिहितो. प्रेत वाहता वाहता ज्याच्या अंगावर जाऊन आदळेल, त्याने चेटूक करून मारलं असं ठरायचं. ब्रिटिशांनी कायद्याने ही चाल बंद केली.

आता प्रश्न असा की खांदेकरी ढकलत होते का? कॉलेजच्या हॉस्टेलवर ज्यांनी कधी प्लँचेट केलंय त्यांना उत्तर माहीत आहे. वाटी सरकते, आणि मी सरकवली असं कुणालाच वाटत नाही. ‘मी नाही, तोच’ असं म्हणण्यात खोटेपणा नसतो. अंत्ययात्रेला आलेल्या प्रत्येकाच्या मनात एक नाव असतं. भावाभावांत कुणाचं बिनसलं होतं, कुणी कुणाची गाय परत केली नाही, कोणती सवत मेलेल्याच्या आजारपणात फिरकली नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तोंडाने मात्र कुणी बोलत नाही. बोलला तर उद्या शेजारी राहायचं कसं? मग ते न बोललेलं नाव दोन माणसांच्या खांद्यांत उतरतं. आरोप करणारा एकच असा उरतो की ज्याच्याशी उद्या कुणालाच भांडता येणार नाही.

या लेखासाठी वाचत गेलो तेव्हा हेच पुन्हा पुन्हा दिसलं. आफ्रिकेतला कौल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भविष्य सांगणारा मांत्रिक उभा राहतो. सिनेमांनी तो उभा केलाय. पण मरणाच्या भोवती जो कौल घेतात त्यात भविष्य जवळजवळ नसतंच. त्याचं तोंड मागे असतं. हे का झालं, कुणाचं काय देणं राहिलं, आणि हा गेलेला आता आपल्याकडे काय मागतोय, एवढेच प्रश्न. कोर्टात साक्ष काढावी तसा हा प्रकार, फरक इतकाच की मुख्य साक्षीदार मेलेला असतो. त्याच्या वतीने बोलायला वस्तू लागतात, आणि त्या वस्तू घरातल्याच असतात.

प्रेताची ही साक्ष समुद्रही ओलांडून गेली. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांनी जमैकात आपले मृत तसेच वाहिले. अठराव्या शतकातल्या गोऱ्यांच्या लिखाणात त्याच्या तक्रारी सापडतात. पेटी एखाद्या झोपडीसमोर येऊन अडते, पुढे हलेना. कारण त्या झोपडीतल्या माणसाने मेलेल्याचे पैसे बुडवलेले असतात. तो देणं कबूल करेपर्यंत पेटी जड. ज्यांची साक्ष मळ्याच्या मालकाविरुद्ध कुठल्याही न्यायालयात चालत नव्हती, त्यांनी आपलं न्यायालय असं खांद्यावर उभं केलं होतं. दक्षिण अमेरिकेत सुरिनामच्या जंगलात पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांनी, न्ड्युका आणि सारामाका लोकांनी, तर यात आणखी एक सोय शोधली. प्रेत पुरून झाल्यावर मृताचे केस फळीला बांधायचे आणि ती फळी खांद्यावर घेऊन प्रश्न चालू ठेवायचे. चौकशी लांबली तरी साक्षीदार कुजत नाही.

घानाच्या उत्तरेला, बुर्किना फासोच्या सीमेलगत, लोदगा लोक राहतात. जॅक गुडी या केंब्रिजच्या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्या अंत्यविधींवर १९६२ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातली एक नोंद मी विसरू शकत नाही. कुणी गेलं की जवळच्या नातेवाइकांना दोरीने बांधतात. दुःखाच्या भरात जिवाचं काही बरंवाईट करू नये म्हणून कुणीतरी ती दोरी धरून मागे चालतो. पण दोरी सगळ्यांना एकसारखी नसते. तरुण पुरुष गेला तर त्याच्या आईला, बापाला आणि बायकोला चामड्याची वादी. भावाबहिणींना झाडाच्या सालीचा दोर. पोरांच्या घोट्याला नुसती सुतळी. आई, बाप आणि बायको तोडून पळतील, त्यांना चामडंच हवं. भाऊ सालीच्या दोराने आवरेल. आणि मुलाला? बाप गेल्यावर मुलाच्या हाती जमीन येते. त्याला सुतळी पुरे. इतकं निर्दय आणि इतकं खरं निरीक्षण कुठल्या कादंबरीकाराने केलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मृताला उंच मचाणावर बसवतात, अंगावर ठेवणीतले कपडे, समोर लाकडी पट्ट्यांची झायलोफोनं वाजत असतात. येणारे जाणारे वाजवणाऱ्यांपुढे कवड्या फेकतात. या कवड्या तिथल्या नव्हेत. मालदीवच्या उथळ पाण्यातून निघायच्या, आपल्याच हिंदी महासागरातून. युरोपियन व्यापारी त्या बंगाल आणि सिलोनमधून जहाजात भरून ॲमस्टरडॅम आणि लंडनला न्यायचे, तिथून पश्चिम आफ्रिकेला, आणि त्यांच्या बदल्यात माणसं विकत घ्यायचे. तुळजापूरच्या भोप्याच्या गळ्यातली कवडी आणि लोदगांच्या अंत्ययात्रेतली कवडी एकाच समुद्राची. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो तेव्हा हा व्यवहार आपल्या ध्यानीमनीही नसतो.

लोदगांच्या समजुतीत मरण आपोआप येत नाही. ताप हे निमित्त, साप हेही निमित्त. त्यामागे कुणीतरी असतंच. एखादा रागावलेला पूर्वज, मोडलेला नवस, चेटूक किंवा जमिनीचा भंगलेला नेम. ते शोधायला कौल देणाऱ्याकडे जातात. त्याची एक चामड्याची पिशवी असते. ती तो जमिनीवर रिकामी करतो, त्यातून लाकडाचे, हाडांचे, धातूचे नाना तुकडे पडतात, प्रत्येकाला अर्थ. मग कौल घेणारा आणि देणारा, दोघं मिळून एकच काठी धरतात. काठी फिरते आणि टोकाने एखाद्या तुकड्याला टोचते. काठी एकाच्या हातात नाही हे महत्त्वाचं. उत्तर पुजाऱ्याचं एकट्याचं नाही, विचारणाऱ्याचाही त्याला हात लागलेला आहे. तो नंतर म्हणू शकत नाही की मला फसवलं.

अंत्यविधी तिथे एका दिवसात संपत नाहीत. पुढे महिनोन्‌महिने टप्प्याटप्प्याने बियरचे विधी होतात. एका टप्प्याचं नावच मुळी कौल देणाऱ्याची बियर, मग कडू बियर, शेवटी थंड बियर. ही बियर ज्वारीची, म्हणजे आपल्या भाकरीच्या धान्याची. कडूपासून थंडापर्यंत जायला वेळ लागतो हे त्यांनी नावातच सांगून ठेवलंय.

आता सुपाकडे येतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त मोह पडला तो याचाच.

झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात म्विनिलुंगा नावाचा जिल्हा आहे. १९५० ते १९५४ या काळात मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर आणि त्याची बायको एडिथ तिथल्या न्डेंबू लोकांत राहिले. टर्नरचं न्डेंबू कौलावरचं पहिलं पुस्तक १९६१चं. न्डेंबू भाषेत कौलाला न्गोंबू म्हणतात, आणि त्यातला सगळ्यात मानाचा प्रकार म्हणजे धान्य पाखडायच्या गोल टोपलीतला. बायकांच्या हातातलं रोजचं सूप, ते पुरुष कौल देणाऱ्याने घेतलेलं. पाखडताना भुसा एकीकडे, दाणा एकीकडे होतो. तेच इथे खऱ्याखोट्याचं करायचं. सुपात वीसतीस वस्तू असतात. लाकडातून कोरलेल्या बोटभर बाहुल्या, फळांच्या बिया, भोपळ्याच्या कवचाचा तुकडा, नखं, हाडं, लाल मातीचा गोळा, पांढऱ्या मातीचा गोळा. सूप उडवायचं, वस्तू एका कडेला ढीग होऊन पडतात, आणि ढिगाच्या वर ज्या दोनचार येतील त्या वाचायच्या. तीच वस्तू पुन्हा पुन्हा वर आली की ते उत्तर.

त्या बाहुल्या नीट पाहिल्या पाहिजेत. एक आहे गुडघ्यांवर कोपरं टेकून, हनुवटी हातांत धरून बसलेली. तिचं नाव चामुतांगा. धड हो नाही, धड नाही नाही. ज्याच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही असा माणूस. ही वर आली की कौल देणारा सावध होतो. इथे कुणीतरी गोलगोल बोलतंय.

दुसरी काट्वांबिंबी. दोन्ही हात डोक्याला लावून आक्रोश करणारी. पहिल्यांदा वाटतं, ही शोक करणारी बाई असणार. नावाची फोडही रडण्याशी आणि कांडण्याशी जाते, जणू रडणं उखळात घालून कांडणारी. पण टर्नरला मिळालेला अर्थ हादरवणारा आहे. हा तो माणूस आहे जो एकाचं दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं पहिल्याला सांगतो. अमका तुझ्यावर चेटूक करतोय म्हणतो, तमक्याला म्हणतो सावध राहा. मग दोघांतला एक दुसऱ्याचा जीव घेतो, आणि तिरडीपाशी सगळ्यांत मोठ्याने रडतो तो हा. मराठीत याला नेमका शब्द आहे, कळलाव्या. फक्त आपल्याकडे नारदाच्या निमित्ताने त्या शब्दाला एक गोड छटा आली. न्डेंबूंनी त्याला खुन्याच्या रांगेत बसवला. मारणारा वेगळा आणि हा वेगळा, आणि यांच्या हिशेबात गुन्हा याचाच मोठा.

एका फळाची कठीण बी आहे, म्वाका. अर्थ ‘फार दिवस’. आजार जुना, किंवा वैर जुनं. लाल माती वर आली तर मनात डूख धरलेला आहे. पांढरी आली तर माणूस निर्दोष. पांढऱ्या मातीचं नाव म्पेंबा. दूध पांढरं, वीर्य पांढरं, पीठ पांढरं, तेव्हा जे जे चांगलं ते पांढरं. हाच शब्द काँगो नदीच्या मुखाजवळच्या लोकांत मेलेल्यांच्या देशाचं नाव होऊन बसला आहे. तिथे जिवंतांचं जग आणि मृतांचं जग यांच्यामध्ये पाणी आहे, आणि पलीकडचा किनारा पांढऱ्या मातीचा.

सूप उडवण्याआधी एक परीक्षा होते, आणि ती कौल देणाऱ्याची असते. मृताचे नातेवाईक दूरच्या गावाहून येतात, मुद्दाम दूरच्या, म्हणजे त्याला आतली माहिती नसेल. आपण कशासाठी आलो हे ते सांगत नाहीत. ओळखणं त्याचं काम. तो विचारत जातो, आजारपण? मरण? पुरुष? बाई? नात्याने कोण? हे लोक हो नाही म्हणतात, आणि त्याला चकवायला मध्येच खोटंही बोलतात. तो चकला तर उठून निघून जायची मुभा. म्हणजे अंधविश्वासाने गुडघे टेकून बसलेली ही माणसं नव्हेत. वकिलासारखी उलटतपासणी घेणारी आहेत. कौल देणाराही त्या उत्तरांमधून, आवाजाच्या चढउतारांमधून, कोण कुणाजवळ बसलंय त्यावरून कुटुंबाचा नकाशा काढत असतो. टर्नरने हे उघड लिहिलं. पण त्याला लबाडी म्हणायचं त्याने टाळलं, कारण कौल देणाऱ्याची स्वतःची तशी श्रद्धा होती की सूप बोलतं. कायोंगू नावाच्या भुताने पछाडून, धाप लागून, कोंबड्याचं मुंडकं दातांनी तोडण्याचा विधी करून तो या कामात आलेला असतो. हौसेने कुणी येत नाही.

टर्नरला हे सगळं उलगडून सांगणाऱ्यांत मुचोना नावाचा एक ठेंगणा, बडबड्या वैदू होता. टर्नरने त्याच्यावर एक सुंदर व्यक्तिचित्र लिहिलं, आणि त्याच्या सतत भिरभिरण्यावरून त्याला गांधीलमाशी म्हटलं. मुचोनाची आई गुलाम होती. कुठल्याच गावात त्याची मुळं धड रुजली नाहीत. गावकुसाच्या आतल्यांना आपल्या खुणांचा अर्थ विचारावा लागत नाही, ते नुसतं करतात. उंबऱ्यावर उभ्या असलेल्याला तो शोधावा लागतो.

झांबियाच्या त्याच पट्ट्यात, चावुमाच्या आसपास, अंगोलातल्या यादवीतून पळून आलेले निर्वासित राहत होते. सोनिया सिल्वा या पोर्तुगीज अभ्यासिकेने त्यांच्या कौलाच्या टोपल्यांवर २०११ साली पुस्तक लिहिलं. तिथे टोपलीला लिपेले म्हणतात. घरदार, शेत, गुरं सगळं मागे टाकून माणसं सीमा ओलांडतात तेव्हा बरोबर काय घेतात, या प्रश्नाचं एक उत्तर तिथे होतं.

सुदानच्या दक्षिणेला झांडे लोकांत इव्हान्स-प्रिचर्ड हा मानववंशशास्त्रज्ञ १९२६ ते १९३० या काळात राहिला. त्याच्या १९३७च्या ग्रंथावर इतकं लिहून झालंय की मी फक्त मरणापुरतं सांगतो. झांडेंचा सर्वोच्च कौल बेंगे. एका वेलीपासून केलेली लाल विषारी भुकटी, काँगोकडच्या जंगलातून पायी जाऊन आणलेली. ती कोंबडीच्या पिल्लाला पाजतात आणि प्रश्न विचारतात. अमुक खरं असेल तर पिल्लू मरू दे. मग दुसऱ्या पिल्लाला उलटा प्रश्न, खरं असेल तर जगू दे. दोन्ही उत्तरं जुळली तरच निकाल.

कुणी मेलं की घरचे त्याच्या मारेकऱ्यावर सुडाची जादू सोडतात. ती नाव न घेता सोडलेली असते, ती आपली आपण गुन्हेगार शोधते. मग आसपास कुणी मेलं की विष पाजून विचारायचं, हा आमच्या जादूने मेला का? पिल्लू हो म्हणालं की सूड पुरा, सुतक संपलं. पण त्या दुसऱ्या मेलेल्याचेही नातेवाईक आहेत. त्यांच्या दृष्टीने तो चेटकाचा बळी, आणि तेही सुडाची जादू सोडतात. म्हणजे एकच मरण या घरात न्याय असतं आणि त्या घरात अन्याय. हे उघड झालं तर सगळी इमारत कोसळेल. ते होत नाही, कारण निकालावर राजाच्या विषाची मोहोर लागते आणि राजा गप्प बसतो. कोण कुणाच्या सुडाला बळी पडलं हे एकट्या त्याला ठाऊक. इव्हान्स-प्रिचर्ड झांडेंना मूर्ख म्हणत नाही. आपला घरखर्च आणि दैनंदिन व्यवहार तो स्वतः याच कौलावर चालवत होता आणि ते काही वाईट चाललं नाही, असं त्याने प्रांजळपणे लिहून ठेवलंय.

इथवर लिहिताना माझ्या लक्षात येतंय की या खुणांच्या देखणेपणाला मी भुललो आहे. सूप, कळलाव्या, चामड्याची वादी. साहित्याची आवड असलेल्या माणसाला हे आवडणारच. पण प्रेत ज्याच्या अंगावर आदळलं त्याचं पुढे काय झालं?

ज्या २०२० साली आपण तो नाचाचा व्हिडिओ पाहून हसत होतो, त्याच वर्षी जुलैत, त्याच घानाच्या उत्तर भागातल्या काफाबा गावात नव्वद वर्षांच्या एका म्हातारीला भर बाजारात मारून टाकलं. ती चेटकीण असल्याचा निवाडा बाहेरून बोलावलेल्या एका कौल सांगणाऱ्या बाईने दिला होता. त्याचाही व्हिडिओ निघाला. तो आपल्याकडे आला नाही. उत्तर घानात गांबागासारख्या वस्त्या आहेत. चेटूक केल्याचा ठपका बसून गावाबाहेर काढलेल्या बायका तिथे आसरा घेतात. आल्या आल्या गावचा मुखिया कोंबडं कापतो. तडफडून ते कसं पडतं ते पाहतात. उताणं पडलं तर बाई निर्दोष, पालथं पडलं तर दोषी. पण दोन्ही निकालांत तिला आसरा मिळतोच. ज्या कौलाने घालवलं त्याच कौलाने ठेवून घेतलं, असा हा विचित्र व्यवहार. या बायका बहुतेक म्हाताऱ्या, विधवा, पाठीशी कर्ता मुलगा नसलेल्या. जुलै २०२३मध्ये घानाच्या संसदेने चेटकाचा आरोप करणं गुन्हा ठरवणारं विधेयक मंजूर केलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अकुफो-आडो यांनी घटनेतल्या तांत्रिक मुद्द्यावर त्यावर सही करायचं नाकारलं.

सुपात सगळ्यांच्या बाहुल्या असतात, पण उडवल्यावर हलक्याच वर येतात. हे पाखडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

कौलाची दुसरी बाजू आरोपाशी जोडलेली नाही. मेलेल्याला घरी कसं आणायचं, ही ती बाजू. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांकडे हाकाता नावाच्या चार लाकडी पट्ट्या असतात. प्रत्येकीला दोन बाजू, म्हणून सोळा प्रकारे पडू शकतात. मरणानंतर त्या टाकून कारण विचारतात. पुढे वर्षभराने कुरोवा गुवा, म्हणजे गेलेल्याच्या आत्म्याला रानातून घरी बोलावण्याचा विधी. तोपर्यंत तो भटकत असतो. घरी आला की तो कुळाचा राखणदार होतो. न आलेला, अन्यायाने मेलेला, न्गोझी होऊन पाठीस लागतो. मिशनऱ्यांनी कुरोवा गुवा पाप ठरवलं, माणसं रात्री चोरून करत राहिली. शेवटी झिम्बाब्वेतल्या कॅथलिक चर्चने त्याला ख्रिस्ती रूप देऊन आपल्यात घेतलं. पिंडाला कावळा शिवेना म्हणून ताटकळत बसून, ‘सांगा हो, काय राहिलं तुमचं’ असं हात जोडून विचारणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

न आलेल्यांची संख्या मोठी झाली की प्रश्न सरकारी होतो. २०११च्या मार्चमध्ये झिम्बाब्वेच्या ईशान्येला माउंट डार्विनजवळ चिबोंडो इथल्या जुन्या खाणीतून शेकडो सांगाडे उपसायला सुरुवात झाली. स्वातंत्र्ययुद्धात गोऱ्या राजवटीने मारून टाकलेले हे लोक, असं सांगण्यात आलं. फॉलन हीरोज ट्रस्टचे लोक हातांनी माती उकरत होते, आणि कोण कोणता हे ठरवायला अंगात येणारी माध्यमं होती. ती आत्म्यांच्या तोंडून नावं सांगत. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने हे थांबवा म्हटलं. न्यायवैद्यक तज्ज्ञांशिवाय हाडं हलवली तर कोण कधी मेलं याचा पुरावा कायमचा जाईल. काहींनी असंही विचारलं की हे सगळे खरंच सत्तरच्या दशकातले का, की काही स्वातंत्र्यानंतरचे? मेलेल्याची साक्ष इथे सत्ताधारी पक्षाच्या सोयीने घेतली जात होती. पण दुसरीकडे हेही खरं की प्रयोगशाळा हाडाला नाव देऊ शकते. त्याला घरी चल असं म्हणू शकत नाही.

त्या ‘घरी चल’साठी दक्षिण आफ्रिकेत एक झाड आहे. झुलू भाषेत त्याचं नाव उम्लाह्लान्कोसी, म्हणजे राजाला पुरणारं. पूर्वी राजाच्या थडग्यावर त्याच्या फांद्या घालत. शास्त्रीय नाव झिझिफस म्युक्रोनाटा. आपली बोर ती झिझिफसच. म्हणजे आपल्या रानातल्या बोरीची ही चुलत बहीण. बोरीचा काटा ज्याच्या धोतरात अडकलाय त्याला तो ठाऊक आहे. या झाडाचे काटे जोडीजोडीने येतात. एक सरळ, पुढे रोखलेला. दुसरा आकड्यासारखा मागे वळलेला. लोक म्हणतात, सरळ काटा जायची दिशा दाखवतो आणि वाकडा सांगतो की आलो कुठून ते विसरू नको. तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी आफ्रिकान्समध्ये त्याचं नाव ‘जरा थांब’ असं ठेवलं, कारण काटा कपडा धरून ठेवतो. या नावातही गोष्ट तीच, धरून ठेवणं.

कुणी घरापासून दूर गेला, इस्पितळात, खाणीत, रस्त्यावरच्या अपघातात, तर नातेवाईक ही फांदी घेऊन त्या जागी जातात. त्याला नावाने हाक मारतात, सांगतात की आम्ही तुला न्यायला आलोय. आत्मा फांदीत अडकतो. मग फांदी धरलेल्या माणसाने वाटेत कुणाशीही बोलायचं नाही. सोबतचे बोलतात, पण ते मेलेल्याशी. आता नदी आली, आता पूल ओलांडतोय, आता वळलो. नेल्सन मंडेला २०१३च्या डिसेंबरात गेले, तेव्हा त्यांचा देह लष्करी विमानाने कुनू गावाकडे नेताना घरातले वडीलधारे त्यांना असंच सांगत होते, तुम्हाला घरी नेतोय. प्रिटोरियातल्या फ्रीडम पार्कमध्ये, स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांच्या प्रतीकात्मक विसाव्याच्या जागी, हीच झाडं लावलेली आहेत. तिथे जोडे काढून आत जातात. सप्टेंबर २०२४मध्ये झांबिया आणि झिम्बाब्वेत निर्वासित म्हणून मेलेल्या बेचाळीस स्वातंत्र्यसैनिकांचे अवशेष देशात परत आणले, तेव्हा सरकारी अधिकारी, पारंपरिक वैदू आणि कुटुंबीय त्या प्रवासात एकत्र होते.

बहुतेकांचा प्रवास मात्र लष्करी विमानातून होत नाही. जोहान्सबर्गहून क्वाझुलूपर्यंत मिनीबस टॅक्सी जातात, एकेका गाडीत पंधराएक माणसं, मांडीवर पिशव्या. अशा गाडीत एखादा माणूस फांदी धरून चढतो आणि त्याच्याबरोबरचा ड्रायव्हरला दोघांऐवजी तिघांचं भाडं देतो. ड्रायव्हर विचारत नाही. शेजारची जागा रिकामी राहते, कुणी तिथे पिशवी ठेवत नाही. पुलावर गाडी आली की सोबतचा हलक्या आवाजात म्हणतो, बाबा, नदी आली. गावात पोचल्यावर फांदी घरात नेऊन मागच्या भिंतीशी, उम्सामोत, जिथे पूर्वज असतात तिथे ठेवतात. मग फांदी आणणारा बाहेर येतो, अंगणात बसतो, आणि कुणीतरी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या धरून विचारतं, प्रवास कसा झाला.